विक्री चालू, तर जबाबदारीही चालू

ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११चं '२४एच२' हे मोठं अपडेट आलं आणि 'जीटीए सॅन अँड्रियास'मधलं एक विमान गायब झालं. स्किमर नावाचं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ही गेम पीसीवर आली २००५ साली. पुण्यातल्या सायबर कॅफेंमध्ये तासाचे पैसे भरून ती खेळलेली पोरं आता चाळिशीकडे झुकली आहेत. इतकी वर्षं विमान आपल्या जागी होतं आणि अपडेट टाकल्यावर दिसेनासं झालं. पहिला संशय मायक्रोसॉफ्टवर गेला, यात नवल नाही.

एप्रिल २०२५ मध्ये 'सायलेंट' या टोपणनावाने जुन्या गेम्स दुरुस्त करणाऱ्या एका मॉडरने याचा छडा लावला. याच मालिकेतल्या आधीच्या 'व्हाइस सिटी' या गेममध्ये स्किमरची नोंद बोट म्हणून होती. बोटीला चाकं नसतात, म्हणून तिच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे नव्हते. 'सॅन अँड्रियास'मध्ये तिला विमान केलं, पण ते आकडे भरायचे राहून गेले. गेम ती ओळ वाचताना आकडे मिळाले की नाही हे बघतच नव्हती. मेमरीच्या त्या जागी आधीच्या गाडीचे आकडे पडून असत, तेच ती स्किमरला लावून मोकळी होई. २४एच२मध्ये विंडोजचं एक आतलं फंक्शन मेमरीचा तो कोपरा वापरू लागलं, जुने आकडे पुसले गेले आणि वीस वर्षं झाकलेली चूक उघडी पडली. सोसायटीने पाण्याचा नवा पंप बसवावा आणि एखाद्या फ्लॅटमधला मुळातच कच्चा राहिलेला सांधा त्या दाबाने सुटावा, तसा हा प्रकार. विंडोजने मेमरीच्या त्या कोपऱ्याबद्दल कुणाला कधी शब्द दिलेला नव्हता.

म्हणजे चूक गेमची. इतकं कळलं की बहुतेकांची चर्चा थांबते, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. चूक कुठल्या ओळीत होती हा इंजिनिअरचा प्रश्न झाला. ती निस्तरायची कुणी आणि तोवरचा भुर्दंड कुणी सोसायचा, हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर कोड वाचून मिळत नाही. माझं उत्तर असं: एखादी कंपनी जोवर गेम विकते आहे, तोवर ती चालती ठेवणं तिचं काम आहे. विंडोज बदललं, मॅक बदलला, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, ही कारणं तिने ग्राहकाला सांगायची नाहीत. ती तिची तिने त्या त्या कंपनीशी बसून सोडवायची.

अपडेट काढणारी कंपनी यातून सुटते असं नाही, तिच्याकडे वळूच. पण आधी गेमवाल्यांचं बघू, कारण ज्या बिघाडांची कारणं नीट बाहेर आली त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत मोडलेली वस्तू गेम नसते, गेमला लावलेलं कुलूप असतं.

सेफडिस्क घ्या. २०००च्या आसपास विकल्या गेलेल्या कितीतरी गेम्सच्या सीडींवर ही नक्कलरोधक यंत्रणा होती. तिचा ड्रायव्हर खुद्द विंडोजबरोबरच यायचा आणि सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसायचा. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमधल्या भोकातून हल्ले झाले आणि मायक्रोसॉफ्टला तातडीने पॅच काढावा लागला. २०१५ मध्ये विंडोज १०मधून तो ड्रायव्हर काढूनच टाकला, आणि त्याच सप्टेंबरात सुरक्षा अपडेट देऊन जुन्या विंडोजवरही बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण परिणाम काय झाला ते बघा. ज्याने दुकानात जाऊन खरी सीडी विकत घेतली, त्याची गेम उघडेना. ज्याच्याकडे कुलूप फोडलेली चोरीची कॉपी होती, त्याची चालू राहिली. प्रामाणिक माणसाला शिक्षा देणारी ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टने उभी केली नव्हती. ती गेम कंपन्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी निवडली होती, आणि ती कोसळली तेव्हा फार थोड्या कंपन्यांनी आपल्या जुन्या ग्राहकांना कुलूप काढलेली आवृत्ती दिली.

आता चिटिंग रोखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली तोच मार्ग पुन्हा धरला आहे. 'इझी अँटी-चीट'च्या एप्रिल २०२४आधीच्या आवृत्त्या असलेल्या काही इंटेल मशीनवर २४एच२ टाकलं की मशीन कोसळून निळा स्क्रीन येत होता. सिस्टिमच्या गाभ्यात परका ड्रायव्हर बसवणं किती महागात पडू शकतं, हे १९ जुलै २०२४ला साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या फाइलने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीन आडवी केली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. ते सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं, त्यामागे काही गरज तरी होती. चार मित्रांनी रात्री दहा वाजता ऑनलाइन खेळावं म्हणून त्यांच्या मशीनच्या गाभ्यात तेवढाच अधिकार मागणं मला मान्य नाही. मागायचाच असेल, तर बिघडल्यावरची जबाबदारीही तेवढीच घ्यावी.

याचा खालपर्यंत पोचणारा त्रास बघायचा असेल तर कर्वेनगरच्या बाजूला कॉलेजांच्या आसपास जी गेमिंग कॅफे आहेत, तिथे जाऊन बसावं. अशाच एका ठिकाणी मी मालकाला एकेक मशीन उघडताना पाहिलंय. रात्री अपडेट झालं, सकाळी गेमने सिक्युअर बूट मागितलं. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होतानाच आतलं सॉफ्टवेअर सही-शिक्क्याचं आहे की नाही हे तपासणारी सोय. ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन चालू करायची असते. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पण त्याची निम्मी मशीन जुनी, डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीच्या, आणि अशा मशीनवर आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत न बदलता सेटिंग फिरवलं की विंडोज उठतच नाही. तो पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. पोरं दारात उभी. एकाने आत डोकावून विचारलं, "दादा, आज होईल का?" तो म्हणाला, "संध्याकाळी या रे, बघतो." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "सर, बंद मशीनचं भाडं कुणाकडून घेऊ? जागेचं भाडं मात्र मला द्यायचंच आहे." त्या बिघाडात ना त्याचं काही चुकलं होतं ना त्या पोरांचं, आणि नुकसान तेवढं त्यांचंच झालं. विंडोज आणि गेम दोन्ही बनवणाऱ्यांच्या हिशेबात त्या दुपारची कुठेच नोंद नाही.

२४एच२च्याच वेळचं आणखी एक प्रकरण या चर्चेत फार बोलकं आहे. युबिसॉफ्टच्या 'असॅसिन्स क्रीड'मधल्या 'ओरिजिन्स', 'ओडिसी', 'व्हल्हाला' या गेम्स, शिवाय 'स्टार वॉर्स आउटलॉज' आणि 'अवतार' यांवर नव्या विंडोजमध्ये मध्येच गोठणं, काळा स्क्रीन येणं असे प्रकार झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि ज्या मशीनवर या गेम्स आहेत त्यांना अपडेट देणंच थांबवलं. दुरुस्त्या युबिसॉफ्टकडून आल्या, टप्प्याटप्प्याने, पुढच्या काही महिन्यांत. आता तारखा बघा. २४एच२ रिलीज प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सर्वांना देण्याआधीच्या शेवटच्या चाचणीत, मे २०२४मध्ये आलं होतं. चार महिन्यांहून जास्त वेळ हातात होता. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या सगळ्यात खपाच्या गेम्स येऊ घातलेल्या विंडोजवर लावून बघता आल्या नसत्या का? आणि मायक्रोसॉफ्टला तरी? या काही कोपऱ्यातल्या अनोळखी गेम्स नव्हत्या. दोघांकडूनही तपासायचं राहून गेलं, ते तपासलं पैसे भरून बसलेल्या खेळणाऱ्यांनी.

ॲपलचं वेगळं आहे. तिथे चूक झाली असं म्हणताच येत नाही. तिथे ठरवून तोडलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली, सगळी सॉफ्टवेअर बंद केली. 'पोर्टल', 'हाफ-लाइफ २' यांच्यासारख्या गेम्स मॅकवर एका अपडेटसरशी संपल्या. सूचना दीड वर्ष आधीपासून स्क्रीनवर येत होती, हे ॲपलच्या बाजूने सांगायला हवं. पण ती सूचना वाचून ग्राहकाने करायचं काय होतं? गेम ६४ बिटची करणं त्याच्या हातात नव्हतं. विकणाऱ्याने ती केली नाही आणि ॲपलने जुन्यांसाठी वाट ठेवली नाही. तशी वाट ठेवता येते, हे ॲपलनेच नंतर दाखवून दिलं. इंटेल चिपची सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवणारी रोझेटा ही सोय मॅकओएस २७नंतर आवरती घेणार, पण कुणी सांभाळत नसलेल्या जुन्या गेम्ससाठी तिचा काही भाग पुढेही ठेवणार, असं त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं. २०१९ मध्येही हे करता आलं असतं.

मायक्रोसॉफ्टची परंपरा तर याबाबतीत अभिमान बाळगावा अशी होती. विंडोज ९५ तयार होत असताना 'सिमसिटी' त्यावर चालेना. चूक गेमचीच होती; परत केलेली मेमरी ती नंतरही वाचत होती. मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी विंडोजमध्येच अशी तजवीज केली, की 'सिमसिटी' चालू आहे असं दिसलं तर मेमरी लगेच मोकळी करायची नाही. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतली, कारण ग्राहकाने गेमसाठी पैसे मोजले होते आणि ती उद्या बंद पडली तर तो नव्या विंडोजलाच नावं ठेवणार, हे त्यांना ठाऊक होतं. तसं काम त्या कंपनीत आजही होतं, पण त्याचा वेग अपडेटच्या वेगाला पुरत नाही. दर महिन्याला अपडेट येतं. ऑक्टोबर २०२५च्या अशाच एका मासिक अपडेटनंतर काही गेम्स मंदावल्या, तेव्हा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाला त्यासाठी खास हॉटफिक्स, म्हणजे तातडीच्या दुरुस्तीचा, ड्रायव्हर काढावा लागला. घरच्या विंडोजवर अपडेट एका वेळी फार तर पाच आठवडे पुढे ढकलता येतं. मोठं अपडेट सेटिंग्जमधून मागे घ्यायला मुदत मिळते दहा दिवसांची. परीक्षेच्या काळात पोराने तीन आठवडे गेम उघडलीच नाही, तर ती मोडली आहे हे कळायच्या आत मागे जायची सोय संपलेली असते. मग मशीन पोत्यात घालून पुण्यातली संगणकाच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठायची, फॉरमॅट मारून घ्यायचा, विंडोज नव्याने टाकायचं. माझी मायक्रोसॉफ्टकडे मागणी मोठी नाही: मागे जायची मुदत सहा महिन्यांची करा, आणि सुरक्षेचे पॅच वेगळे, बाकीचे बदल वेगळे द्या. सुरक्षेच्या नावाखाली सगळं एका गाठोड्यात बांधून दारात टाकलं की माणसाला नको ते नाकारता येत नाही.

"मग अपडेट करूच नका ना," असा सल्ला हमखास मिळतो. इंटरनेटला जोडलेलं, ज्यावरून वडील यूपीआय आणि बँक बघतात ते मशीन विनापॅच ठेवा, असं सांगणं मला बेजबाबदार वाटतं. आणि तो सल्ला पाळणाऱ्यालाही दुकानदार सोडत नाही. १ जानेवारी २०२४पासून स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानाने विंडोज ७ आणि ८चा आधार काढून घेतला. जुन्या गेम्ससाठी जुनं विंडोज जपून ठेवलेल्या माणसाला त्याच दुकानाने नव्या विंडोजवर ढकललं, जिथून त्याने त्या गेम्स विकत घेतल्या होत्या. नव्यावर गेम चालली नाही, तर परताव्याचा नियम आहे चौदा दिवसांचा आणि दोन तास खेळण्याचा. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या गेमला तो कुठून लागू होणार?

गेम म्हणजे पोराटोरांचा चाळा, त्यावर एवढं काय लिहायचं, असंही काहींना वाटेल. त्यांनी पेठांमधल्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं जुळवणाऱ्याकडे, चक्कर मारावी. कोपऱ्यात विंडोज एक्सपी असलेला एक जुना संगणक झाकून ठेवलेला असतो, नेटला कधीच न जोडलेला. त्याच्यावर जुनी फॉन्टची सॉफ्टवेअर, मागे डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर उघडणारी छोटी किल्ली, लावलेलं. नव्या ६४ बिट विंडोजला त्या डोंगलचा ड्रायव्हर चालत नाही, आणि त्या फॉन्टांत बसवलेली पुस्तकं दुसरीकडे नीट उघडत नाहीत. कितीतरी मराठी पुस्तकांच्या मूळ फाइली अशा एखाद्या मशीनच्या आयुष्यावर तगून आहेत. गेम असो की दिवाळी अंकाचं पान, विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्या कुलपामुळे निकामी होणं ही एकच तक्रार आहे. गेम्समध्ये ती आधी आणि ठळक दिसते, कारण त्या मशीनकडून शेवटच्या थेंबापर्यंत काम काढतात.

माझ्या म्हणण्यावरचा खरा अवघड आक्षेप लहान स्टुडिओंचा आहे. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' ही गेम काढली, आपल्या पुराणकथांवर उभी असलेली. अशा मोजक्या माणसांच्या स्टुडिओने दर महिन्याचं विंडोज अपडेट तपासत बसायचं का? नाही, ते शक्य नाही, आणि तसा नियम केला तर पुण्यातून पुढची गेम निघणारच नाही. म्हणून ओझं विकणाऱ्या दुकानावरही हवं. स्टीमसारखं दुकान प्रत्येक विक्रीतला तगडा वाटा घेतं. साधारणपणे तीस टक्के. त्या वाट्यात फक्त डाउनलोडचा सर्व्हर येतो, असं त्याने म्हणू नये. जुन्या गेम्स नव्या मशीनवर चालत्या ठेवणं दुकानाला जमतं, याचा पुरावा आहे. जीओजी या दुकानाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभर गेम्सपासून जतन कार्यक्रम सुरू केला: त्या गेम्स आजच्या आणि पुढच्या विंडोजवर चालत्या ठेवण्याचा खर्च दुकान करणार, मूळ कंपनीने हात वर केले तरी. जीओजी हे स्टीमच्या मानाने लहान दुकान आहे.

आणि ज्याला खरंच जमत नाही त्याने विक्री थांबवावी. 'आता विक्री बंद, शेवटची चालणारी आवृत्ती अमुक विंडोजवरची' असं पानावर लिहावं, जमलं तर कुलूप काढलेली एक प्रत जुन्या ग्राहकांना द्यावी, आणि मॉडरांना दुरुस्ती करू द्यावी. स्किमर परत आणणाऱ्या माणसाला त्या कामाचे गेम कंपनीने काही पैसे दिलेले नव्हते. निदान अशा लोकांच्या वाटेत वकील उभे करू नयेत.

कायद्याचं काय? युरोपीय संघाच्या २०१९च्या डिजिटल सामग्री निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२पासून लागू आहे, विक्रेत्याने ग्राहक वाजवीपणे अपेक्षा करेल तितका काळ वस्तू ठरल्याप्रमाणे राहण्यासाठी लागणारी अपडेट्स द्यायची असतात. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात डिजिटल वस्तू किती काळ चालती राहावी यावर थेट काही नाही, आणि ते घालून घ्यायला हवं. पण आहे त्यातही वाव आहे. पाकीटबंद सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ मध्येच म्हटलंय. तो खटला विक्रीकराचा होता हे खरं, पण कर घेताना माल आणि तक्रार घेताना नुसता परवाना, असं सरकारला फार काळ म्हणता येणार नाही. कायद्यातली सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि अनुचित करार ही तिन्ही कलमं अशा प्रकरणात तपासून घेण्यासारखी आहेत. ज्या करारात कंपनी हवं तेव्हा हवं ते बंद करू शकते आणि ग्राहकाला फक्त 'मान्य आहे' एवढंच बटण असतं, तो करार वाजवी कसा?

ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये याच पुण्यात सुरू केली. तेव्हा प्रश्न भेसळ आणि वजनमापाचे होते. आज तीन-चार हजारांची गेम घेणारा, त्यासाठी लाखभराचा पीसी जुळवणारा विद्यार्थीही ग्राहकच आहे, आणि त्याला आपण तक्रार करू शकतो हे कुणी सांगितलेलंच नाही. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे; कंपनी अमेरिकेत असो नाहीतर फ्रान्समध्ये. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघता येते.

पहिली तक्रार पुण्यातून जावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती नीट जावी. खरेदीचं बिल. दुकानाच्या पानावर लिहिलेल्या सिस्टिम रिक्वायरमेंट्सचा स्क्रीनशॉट, ज्यात तुमचं विंडोज अजूनही चालेल म्हणून नमूद आहे. विंडोजच्या अपडेट हिस्टरीतला केबी क्रमांक (त्या अपडेटचा ओळख क्रमांक) आणि तारीख. गेम बंद पडतानाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. कंपनीच्या सपोर्टने 'मायक्रोसॉफ्टशी बोला' असं उत्तर दिलं असेल तर तो ईमेल, आणि मायक्रोसॉफ्टने 'गेम कंपनीशी बोला' म्हटलं असेल तर तोही. प्रतिपक्ष म्हणून गेम कंपनी आणि दुकान दोघांची नावं घाला. मागणीत लिहा: गेम चालू करून द्यावी नाहीतर पूर्ण पैसे परत द्यावेत, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या विंडोजसाठीची विक्री थांबवावी.